मुलावर पहिला गुन्हा दाखल झाला तर: पुण्यातल्या पालकांनी पहिल्या रात्रीपासून काय करायचं

पोलीस ठाण्यातून फोन आला की बहुतेक घरांत पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी होतात. कुणीतरी ओळखीच्या नगरसेवकाचा नंबर शोधायला लागतं, आणि कुणीतरी ‘समोर येऊ दे, मग बघतो त्याच्याकडे’ म्हणत चप्पल पायात सरकवतं. भीतीपोटी होतं हे, समजू शकतं. पण या दोन्हींचा मुलाला उपयोग होत नाही, उलट पुढं महिनोन् महिने त्रास होतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आहे. या कायद्याखाली बसणारं बाल न्याय मंडळ मुलानं काय केलं एवढंच बघत नाही. तो कुठल्या घरात परत जाणार आहे, हेही तितक्याच बारकाईनं बघतं. म्हणजे या प्रकरणात तुम्ही नुसते प्रेक्षक नसता. तुमचं वागणं, तुमचं घर, तुम्ही केलेली सोय हे सगळं अहवालात उतरतं आणि त्यावर निर्णय होतात. खालची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवून वाचा.

घराबाहेर पडण्याआधी

फोनवरच विचारून घ्या: ठाणं कुठलं, बोलणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय, मुलाला कधी आणि कुठून आणलं, त्याला काही लागलंय का. वाकड, हिंजवडी, भोसरी ही ठाणी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, पुणे शहर पोलिसांत नाही. रात्री घाईत माणसं चुकीच्या ठाण्यात पोचतात आणि तास-दीड तास तिथंच जातो. मुलाला आणल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे हजर करावंच लागतं, आणि ते चोवीस तास त्या वेळेपासून मोजायचे असतात.

दोघांनी जा, त्यातला एक शांत डोक्याचा असू द्या. अख्खी गल्ली घेऊन जाऊ नका.

बरोबर न्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वयाचा पुरावा. कायद्यानं त्याचा क्रम ठरवून दिलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. शाळेत घालताना जन्मतारीख मागंपुढं केलेली असेल तर वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगा. सोळा आणि अठरा या दोन वाढदिवसांच्या आसपासच्या मुलांच्या बाबतीत एखाद्या महिन्याच्या फरकानं सगळं बदलतं. वय मोजायचं ते घटना घडली त्या दिवशीचं. खटला चालू असताना मुलगा अठरा पूर्ण झाला तरी तो मोठ्यांच्या कोर्टात जात नाही.

मूळ कागद हातात ठेवा, द्यायच्या त्या झेरॉक्स. मुलाची रोजची औषधं, असल्यास दम्याचा पंप, एक जाड शर्ट आणि खायला काहीतरी, एवढं पुरे.

ठाण्यात

प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. गेल्या गेल्या त्यांचं नाव विचारा आणि त्यांच्याशीच बोला. अल्पवयीन मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, त्याच्याशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यानं साध्या कपड्यांत असायला हवं, त्याच्याकडून कुठल्याही जबाबावर सही घेता येत नाही, आणि कबुलीसाठी दबाव आणता येत नाही. चौकशीच्या वेळी तुम्हाला शेजारी बसता येतं. हे आवाज न चढवता सांगा. ‘साहेब, मी त्याच्याजवळ बसतो’ हे एक वाक्य बरंच काम करतं.

मुलाच्या अंगावर वळ, सूज किंवा खरचटलेलं दिसलं तर वैद्यकीय तपासणीची मागणी त्याच वेळी करा. तो काही बोलला नाही तरी त्याच्या बसण्या-चालण्यावरून कळतं.

मग विचारा, एफआयआर झाला आहे की स्टेशन डायरीत नोंद आहे. गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असेल आणि बरोबर कुणी सज्ञान आरोपी नसेल, तर नियमांप्रमाणे मुलावर एफआयआर न करता डायरीत नोंद करून मंडळाकडे अहवाल पाठवायचा असतो. पुण्यात अडचण अशी होते की भांडणात किंवा गाडीचोरीत एखादा वीस-बावीस वर्षांचा ‘भाई’ बरोबर असतोच, आणि मग एफआयआर होतो. असा कुणी असेल तर मुलाला त्याच्यापायी गप्प बसू देऊ नका. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या सज्ञान माणसाला याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि मुलाला कुणी वापरून घेतलं ही बाब मंडळापुढे त्याच्या बाजूनं मांडता येते. मात्र ती सांगायची वकिलामार्फत. ठाण्यातल्या बाकावर सगळ्यांसमोर त्याची उलटतपासणी घेत बसू नका.

पोलीस त्याच वेळी सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरतात. घरात कोण कोण, कमाई किती, मुलगा शाळेत जातो का, मित्र कसे, व्यसन आहे का. पालक बावरलेले असतात आणि रागाच्या भरात बोलून जातात, ‘आमचं ऐकतच नाही हो, आम्ही हात टेकले.’ हे वाक्य कागदावर गेलं की ते पुढे प्रत्येक टेबलावर वाचलं जातं. खरं तेच सांगा, पण पूर्ण सांगा. आठवीपर्यंत नियमित होता, वडिलांची नोकरी गेल्यावर बिघडला, हे दोन्ही खरं असेल तर दोन्ही लिहून घ्यायला लावा.

आणि ठाण्यात मुलाला मारू नका. पोलिसांना बरं वाटावं म्हणून बाप पोराच्या कानाखाली वाजवतो, असं हमखास होतं. त्या क्षणी त्याच्या बाजूला बसलेलं ओळखीचं माणूस तुम्ही एकटेच असता.

पोलीस ठाण्यातूनही जामिनावर सोडू शकतात. सोडलं तर हमीपत्रावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा. सोडलं नाही, तर त्याला निरीक्षणगृहात किंवा कायद्यानं ठरवलेल्या सुरक्षित स्थानीच ठेवावं लागतं. कोठडी किंवा तुरुंग चालत नाही.

वकील आणि ‘ओळख’

मोठं नाव असलेल्या फौजदारी वकिलापेक्षा येरवड्याच्या मंडळापुढे नेहमी उभा राहणारा वकील शोधा. या कायद्याची पद्धत वेगळी आहे. त्याला विचारा: अलीकडे मंडळापुढे कुठल्या प्रकारची प्रकरणं चालवली? तारखेला स्वतः येणार की ज्युनियरला पाठवणार? फी एकूण किती, तारखेमागे किती?

पैसे नसतील तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. मोफत वकील म्हणजे दुय्यम, असं मनात धरून दागिने गहाण टाकायला धावू नका. आधी जाऊन भेटा.

ओळखीबद्दल स्पष्टच सांगते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून मुलाच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांनाही अटक झाली. मुलाला वाचवायच्या धडपडीत पालक स्वतः आरोपी होतात, ते असं. फोनमधले चॅट उडवणं, कपडे धुऊन टाकणं, कोयता नदीत फेकणं, मित्राला ‘तू असं सांग’ म्हणून पढवणं, यातलं काहीही करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. मुलाचा मोबाइल आहे त्या स्थितीत बंद करून ठेवा आणि वकील सांगेल तसं करा.

मंडळापुढचा पहिला दिवस

पुण्याचं मंडळ येरवड्यात, पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्राच्या आवारात बसतं. तिथंच निरीक्षणगृह आहे, ज्याला अजूनही सगळे रिमांड होम म्हणतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, त्यांतली किमान एक महिला. मंडळ मुलाशी थेट बोलतं, तुमच्याशीही.

जामिनाचा नियम मुलाच्या बाजूनं आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, मुलाला सोडायचं हेच मूळ तत्त्व. नाकारायचा तर कारणं तीनच: सोडल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. आणि कारण लेखी नोंदवावं लागतं.

म्हणून ‘साहेब, पुन्हा नाही करणार’ याच्या पलीकडे काहीतरी घेऊन जा. तो रात्री कुठं झोपेल, शाळा-क्लासला कोण सोडेल-आणेल, दुपारी घरी कोण असेल, ज्या टोळक्यात होता ते राहतं त्या वस्तीपासून काही दिवस दूर ठेवायचं तर कुठे. काका किंवा मावशी जबाबदारी घेणार असतील तर त्यांना प्रत्यक्ष आणा, त्यांच्या पत्त्याच्या पुराव्यासह. आई-वडील दोघंही कामावर जात असतील तर तेही सांगा आणि मधल्या वेळेची सोय काय केलीत ते सांगा. दोघं दिवसभर बाहेर असतात हा काही दोष नाही. पण त्या वेळेची सोय विचारल्यावर गप्प राहिलात, तर तीच नोंद होते.

जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. जामीनदाराअभावी मुलगा आत राहिलाय असं कुणाचं झालं असेल, त्यानं वकिलाला याची आठवण करून द्यावी. जामीन नाकारला तर आदेशापासून तीस दिवसांत बाल न्यायालयात (हे मंडळाच्या वरचं न्यायालय) अपील करता येतं.

निरीक्षणगृहात ठेवलंच, तर भेटीच्या वेळा आणि काय देता येतं ते तिथं विचारून घ्या आणि एकही भेट चुकवू नका. भेटीत केसविषयी बोलण्यापेक्षा घरचं बोला: आजीचा गुडघा, मॅच, धाकटीचं गॅदरिंग. दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर असेल तर पेपरला बसू देण्यासाठी वकिलामार्फत मंडळाकडे लगेच अर्ज करा. परीक्षेच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नका.

परिवीक्षा अधिकारी घरी येतात तेव्हा

परिवीक्षा अधिकारी म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. मुलाच्या घरची माहिती घेऊन त्यांनी मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. सगळ्या प्रकरणात पालकांच्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर ते इथं. आणि बहुतेक जण काय करतात? घर आवरतात, चहा-पोहे करतात आणि अधिकाऱ्यांनी मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देतात.

प्रश्न साधे असतात. सकाळी किती वाजता उठतो? पॉकेटमनी किती, आणि त्याच्याकडचा तो महागडा फोन कुठून आला? शाळा शेवटची कधी बुडाली? घरात दारू कुणी घेतं का? आई-वडिलांत भांडणं होतात का? एखाद्या आईला तिच्या मुलाच्या तिन्ही जवळच्या मित्रांची फक्त टोपणनावं माहीत असतात, आडनाव एकाचंही नाही. अशा वेळी थाप मारू नका. ‘नाही माहीत, पण आता मी माहिती काढतेय’ हे उत्तर चालतं. शेजारी आणि शाळेतही चौकशी होते, त्यामुळे रंगवून सांगितलेलं टिकत नाही, आणि एक थाप उघडी पडली की खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

मुलाला बोलू द्या. तो अडखळला, रडला, तरी मध्ये पडू नका. तुम्ही खोलीबाहेर जावं असं अधिकाऱ्यांना वाटलं तर जा.

शाळेचं बोनाफाइड, हजेरी, गुणपत्रकं, खेळाची प्रमाणपत्रं, समुपदेशनाला जात असेल तर त्याची चिठ्ठी, लर्निंग डिसॅबिलिटी किंवा एडीएचडीचं निदान झालं असेल तर ते कागद, सगळं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. पुढं प्रत्येक तारखेला हीच फाइल उपयोगी पडेल.

आरोप कुठल्या दर्जाचा आहे

तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे किरकोळ धरतात. किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल तर अतिगंभीर. मधले गंभीर. फरक पडतो तो सोळा पूर्ण केलेल्या मुलांना: अतिगंभीर गुन्ह्यात मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला बाल न्यायालयात पाठवू शकतं, जिथं त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालू शकतो. हे मूल्यमापन पहिल्या हजेरीपासून तीन महिन्यांत व्हायचं असतं, त्यात मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते, आणि त्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील होतं.

ऐकायला भयानक वाटणारं प्रत्येक कलम अतिगंभीर नसतं. खुनाच्या प्रयत्नाला किमान सात वर्षांची अट नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर ते या वर्गात बसत नाही. उलट, मोबाइल हिसकावताना कोयता उगारला आणि घातक शस्त्र वापरून लूट केल्याचं कलम लागलं, तर किमान शिक्षा सात वर्षं असल्यानं ते अतिगंभीर ठरतं. कलमं नीट वाचून घ्या.

पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचं, प्रकरण वेगळ्याच काळजीनं हाताळायचं असतं. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि मुलीच्या घरच्यांची फिर्याद. कायद्यात अठराखाली संमती धरतच नाहीत, आणि शरीरसंबंधाच्या कलमांची किमान शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. मुलानं तिला एकही मेसेज करायचा नाही, मित्रामार्फतही नाही. हे त्याला पटायला जड जाईल. तरी रोज सांगा.

गाडी चालवताना पकडला किंवा अपघात झाला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकही दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. अशा वेळी तुमचा स्वतःचा वकीलही लागू शकतो, मुलाचा वेगळा.

घरात

पहिल्या रात्री मुलाला जेवू घाला आणि झोपू द्या. ‘का केलंस?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही थांबू शकतो. विचाराल तेव्हा एकट्यानं विचारा, आजोबा, काका, शेजारचे जोशी यांच्या पंचायतीसमोर नाही. आणि ऐकलेलं बाहेर कुणाला सांगू नका. घटनेबद्दल त्यानं सगळं वकिलाशी बोलावं.

त्याच्यावर नजर ठेवा, पण तो पळून जाईल म्हणून नाही. अटकेची लाज, सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, मित्रांनी तोडलेलं बोलणं यांत मुलं जिवाचं बरंवाईट करायचा विचार करतात. जेवण सुटलं, झोप उडाली, ‘माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं’ असं बोलू लागला, तर वाट बघू नका. १४४१६ ही टेलि-मानसची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

इन्स्टाचं खातं बंद करवू नका, पण वापर थांबवा. कोयत्याबरोबरचे रील्स, ‘भाई’च्या वाढदिवसाचे स्टेटस, सुटल्यानंतरचा मित्रांसोबतचा फोटो, सगळं तपासात येतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा बातमीत किंवा सोशल मीडियावर उघड करायला कायद्यानं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकलं तर स्क्रीनशॉट घ्या, आधी समजावून सांगा, नाही ऐकलं तर वकिलामार्फत नोटीस.

समोरच्या कुटुंबाकडे माफी मागायला जाऊ नका. मन कितीही सांगत असलं तरी फिर्यादीच्या दारात जाणं साक्षीदारावरचा दबाव ठरू शकतो. ज्याला लागलं त्याची विचारपूस, औषधाचा खर्च, तडजोड, जे काही करायचं ते वकिलांच्या मार्फत. घरात मात्र त्या जखमी मुलाचं नाव घेऊन बोला. आपल्या मुलाला कळायला हवं की पलीकडेही एक आई रात्रभर दवाखान्यात बसली होती.

शाळा

मुख्याध्यापकांना स्वतः भेटा, त्यांना दुसरीकडून कळायच्या आत. गरजेपुरतंच सांगा, तपशिलात जाऊ नका. ‘दाखला घेऊन जा’ असं म्हणाले तर तिथल्या तिथे अर्ज लिहून देऊ नका; लेखी कारण मागा आणि मंडळाला सांगा. शाळा सुटलीच तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. वर्ष वाया जाऊ न देणं हे या काळातलं सगळ्यात चांगलं औषध आहे, कारण दिवस भरलेला राहतो.

मुलगा अठरा-एकोणीसचा असेल तर

मग नेहमीचं फौजदारी न्यायालय. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बहुधा अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देतात. ती पाळलीच पाहिजे. दोषी ठरला तरी एकवीसच्या आतल्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा विचार न्यायालयाला करावा लागतो. वकिलाला हे विचारा.

तारखा, आणि शेवटचा आदेश

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने मुदतवाढ. किरकोळ गुन्ह्यात तोवर संपली नाही तर ती बंद होते. प्रत्यक्षात गंभीर प्रकरणांच्या तारखा लांबतात. प्रत्येक तारखेला मुलगा आणि एक पालक वेळेवर, नीटनेटके, शाळेच्या ताज्या हजेरीसह हजर राहा.

गुन्हा सिद्ध झाला तरी मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन, समाजसेवा किंवा दंड सांगू शकतं, परिवीक्षेवर सोडू शकतं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. समाजसेवा सांगितली असेल तर ती पूर्ण केल्याची सही-शिक्क्याची नोंद घ्या.

मंडळानं निकाली काढलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढं कुठलीही अपात्रता येत नाही. अपिलाची किंवा नियमांत ठरवलेली मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात, आणि चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी हे प्रकरण उघड करायचं नसतं. (सोळा वर्षांवरचा मुलगा बाल न्यायालयात दोषी ठरला तर मात्र हे तसंच लागू होत नाही.) तरी अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून फाइलमध्ये ठेवा. पोलिसांकडे जमा असलेला मोबाइल किंवा गाडी सोडवण्याचा अर्ज आदेश झाल्यावर लगेच द्या. आणि पुढं नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या फॉर्मवर ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ हा रकाना आला की भरण्याआधी ही प्रत वकिलाला दाखवा.